घाटाची उतरण, काळी लघवी आणि मांडीतलं कॅल्शियम

एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळी साडेनऊलाच दवाखान्यासमोरची सडक तापली होती. ऑटोतून एक पोरगा उतरला, म्हणजे दोघांनी धरून उतरवला. एका बाजूनं बाप, दुसऱ्या बाजूनं मित्र. आमच्या ओट्याच्या चार पायऱ्या तो चढला. हळू चढला, पण चढला. तपासणी झाल्यावर लघवीसाठी मागच्या अंगणात जायचं होतं. तिथं फक्त दोन पायऱ्या उतरायच्या, आणि तिथंच तो अडला. कठडा धरून उलटा फिरला आणि पाठमोरा, लहान मूल खाटेवरून उतरतं तसा, एकेक पाय चाचपत खाली गेला. निदानाचा अर्धा भाग मला त्या दोन पायऱ्यांवर मिळाला.

उरलेला अर्धा त्याच्या आईच्या हातात होता. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तिनं त्याची पहाटेची लघवी आणली होती. रंग कोऱ्या चहाचा, तोही उकळून उकळून काळ्या पडलेल्या.

"डॉक्टरसाहेब, कालपासून अशीच होऊन राह्यली जी. पोराचं रक्त तर नाही जाऊन राह्यलं?"

पोरगा 22 वर्षांचा, परतवाड्याजवळच्या एका गावचा. घरी चार एकर संत्र्याची बाग. कोणतंही व्यसन नाही, नेहमीची गोळी नाही, डबेबंद पावडर नाही. घरच्यांच्या परवानगीनं हे लिहितो आहे, आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

तो पोलीस भरतीची तयारी करत होता. आमच्या भागात दर दोन घरांमागं एक तरी पोरगा किंवा पोरगी ही तयारी करते, त्यामुळे मैदानी चाचणीचं गणित इथं म्हाताऱ्यांनाही पाठ आहे: पोरांसाठी 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि 7.260 किलोचा गोळा, मिळून 50 गुण. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराच्या संत्र्याची तोडणी आली, त्याचा सराव सहा आठवडे बुडाला. आता भरती जवळ आली म्हणून बुडालेले दिवस भरून काढायची घाई झाली होती.

रविवारी पहाटे पाच मित्र दुचाक्यांवर चिखलदऱ्याला गेले आणि वरून धामणगाव गढीच्या दिशेनं घाट उतरत दहा-बारा किलोमीटर पळत आले. दम फारसा लागला नाही, म्हणून सगळे खुशीत होते. सोमवारी मांड्या भरून आल्या. तरी संध्याकाळी तो मैदानावर गेला. उन्हाची झळ अजून जमिनीतून वर येत होती. तिथं मागं पडणाऱ्यांना बेडूक उड्या आणि दोनशे बैठका. "दुखते म्हणजे बॉडी बनते," हे वाक्य मैदानावर दहा वेळा तरी ऐकायला मिळतं. मंगळवारी सकाळी मांड्या लाकडासारख्या ताठल्या, बसता येईना. जवळच्या एकानं तपासून सांगितलं, कॅल्शियम कमी झालं. शिरेतून कॅल्शियमचं एक इंजेक्शन, दुखण्याचं एक इंजेक्शन, आणि दोन्हींच्या गोळ्या. मंगळवारी संध्याकाळी लघवीचा रंग बदलला. बुधवारी ते माझ्याकडे आले.

बाटलीत काय होतं

नाडी 104, रक्तदाब 110/70, अंग किंचित गरम. दोन्ही मांड्यांचा पुढचा भाग सुजलेला, हात लावला की तो दात आवळायचा. गुडघा साठ अंशांपुढं वाकेना. पायाच्या नाड्या नीट लागत होत्या, बोटांना स्पर्श कळत होता, म्हणून स्नायूच्या आवरणात दाब साचून रक्तपुरवठाच बंद पडण्याची भीती तूर्त नव्हती. ती असती तर एक मिनिटही न थांबता अमरावती गाठावी लागली असती.

लघवीत पट्टी बुडवली. रक्ताचा चौकोन गडद हिरवा झाला, तीन अधिक. तीच लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तांबड्या पेशी एका क्षेत्रात जेमतेम एक-दोन. पट्टी म्हणते रक्त आहे, डोळा म्हणतो नाही. आमच्या लॅबवाल्या पोरीनं नळी फिरवून आणली. खरंच रक्तपेशी असत्या तर त्या तळाशी बसून वरचं पाणी साफ झालं असतं. पण वरचा थर होता तसाच तपकिरी. मग रक्ताची नळी फिरवली, तर वरचा द्रव स्वच्छ, फिक्या गवताच्या रंगाचा. रक्तपेशी फुटल्या असत्या तर तो गुलाबी दिसला असता. या दोन नळ्या शेजारी धरल्या की उत्तर एकच उरतं. हा रंग मायोग्लोबिनचा, स्नायूच्या आत प्राणवायू धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा. ते लघवीत आलं याचा अर्थ स्नायूंच्या पेशी फुटल्या आणि आतला माल रक्तात सांडला. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडून दगावत होती. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी 1941 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि चिरडलेल्या स्नायूचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध जगासमोर आला. आमच्या पोरावर भिंत पडली नव्हती. तो घाट उतरला होता.

दुपारपर्यंत अहवाल आले. स्नायूचं एन्झाइम सीके, जे एरवी दोनशेच्या आसपास असतं, ते 41,200. क्रिएटिनिन 1.8, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला. पोटॅशियम 5.4. फॉस्फरस वाढलेलं. एसजीओटी 780, एसजीपीटी 190, पण काविळीत वाढणारं बिलिरुबिन अगदी सरळ. हे शेवटचं मुद्दाम सांगतो. यकृताची म्हणून ओळखली जाणारी ही दोन एन्झाइमं स्नायूतही असतात. फक्त ती पाहून कोणी 'लिव्हर वाढलं' म्हणतो, काळी लघवी पाहून घरचे काविळीची माळ घालायला नेतात, आणि मूत्रपिंड वाचवायचे दोन दिवस हातचे जातात.

आणि कॅल्शियम 7.4. साधारण साडेआठ ते साडेदहा हवं. कॅल्शियमला धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, ठीक होतं, म्हणजे आकडा खरोखरच खाली होता.

बापानं कागद हातात घेतला. आकड्याखालची रेघ त्याला वाचता येत होती. "साहेब, कॅल्शियम तर कमीच हाय नं. मंग त्यानं इंजेक्शन देल्लं ते बराबरच होतं."

या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहायला बसलो.

कॅल्शियम गेलं कुठं

त्या वेळी मी एवढंच म्हणालो की कॅल्शियम अंगाबाहेर गेलेलं नाही, ते पोराच्या मांडीत जाऊन बसलं आहे. नीट सांगायला रात्र झाली. सलाईन चालू होतं, लघवी उतरायला लागली होती, आणि बाप खाटेशेजारी उकिडवा बसला होता.

"भाऊ, बाग तुमची आहे, बागेवरूनच सांगतो. विहिरीत पाणी हवं. दांडानं आळ्यात आलेलं हवं. पण तेच पाणी खोडाला लागून आठ दिवस साचलं तर?"

"डिंक्या होते," तो लगेच म्हणाला. "साल सडते."

"मग त्या झाडाची पानं सुकलेली दिसली की तुम्ही आणखी पाणी सोडता?"

तो काही बोलला नाही. पोराच्या मांडीकडे बघत राहिला.

स्नायूत कॅल्शियमचं काम हुकुमाचं. 1883 मध्ये सिडनी रिंगर या इंग्रज डॉक्टरच्या लक्षात आलं की बेडकाचं काढलेलं हृदय लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात धडधडत राहतं आणि शुद्ध पाण्याच्या द्रावणात थंडावतं. फरक कॅल्शियमचा होता. ते नेमकं कुठं जाऊन लागतं, हे उमगायला 1960 चं दशक उजाडलं. जपानच्या सेत्सुरो एबाशींनी ट्रोपोनिन हे प्रथिन शोधलं. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटलं की स्नायूतल्या दोन धाग्यांमधला अडसर सरकतो, एक धागा दुसऱ्याला पकडून ओढतो आणि स्नायू आखडतो. कॅल्शियम बाजूला झालं की पकड सुटते.

म्हणून पेशी कॅल्शियमला आत मोकळं फिरू देत नाही. पेशीबाहेरच्या द्रवात जेवढं मोकळं कॅल्शियम असतं, त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग आत. हुकुमासाठी लागणारा साठा पेशीच्या आतच एका वेगळ्या जाळीदार कोठीत बंद असतो. मज्जातंतूचा इशारा आला की कोठीची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर पडतं, स्नायू आवळतो. लगेच पंप सुरू होतात आणि ते परत कोठीत भरतात. एटीपी हे पेशीतलं इंधन. त्याच्या एका कणामागं कॅल्शियमचे दोन कण परत जातात. पावलागणिक, सेकंदाच्या अंशात, ही भर-उपस चालू असते. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लाइन असेल तर मोटर चालते. लाइन गेली की पाणी जिथं आहे तिथंच राहतं.

आता घाट. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत आखूड होतो. उतरताना तोच स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो, कारण प्रत्येक पावलाला अंगाचं वजन त्याला झेलून धरायचं असतं. दोरी ओढणं वेगळं आणि ओढल्या जाणाऱ्या दोरीला रोखून धरणं वेगळं. या रोखून धरण्यात दम कमी लागतो, म्हणून पोरं खुश होती. पण एकेका धाग्यावरचा ताण जास्त असतो. स्नायूचे सूक्ष्म कप्पे एकापुढं एक जोडलेले असतात आणि सगळे सारख्याच ताकदीचे नसतात. जो कमजोर, तो आधी ताणला जातो आणि धाग्यांची पकड सुटेपर्यंत लांबतो. मग पुढचा. ही मांडणी मॉर्गन या शास्त्रज्ञानं 1990 मध्ये केली. हजारो पावलांत असे कप्पे उसवत जातात, पेशीच्या आवरणावर ओढ येते, काही ठिकाणी ते फाटतं, आणि ताणामुळे उघडणाऱ्या वाटाही त्यात असतात. बाहेर दहा हजार पट कॅल्शियम दारात उभंच असतं. ते आत शिरतं.

आत शिरलेलं कॅल्शियम तीन दिशांनी नुकसान करतं. कॅल्पेन नावाची प्रथिनं कापणारी एन्झाइमं पेशीत झोपलेली असतात, ती कॅल्शियमनं जागी होतात आणि कप्पे एका रेषेत बांधून ठेवणारे डेस्मिनसारखे टेकू कापत सुटतात. दुसरी एन्झाइमं आवरणातली चरबी तोडतात, म्हणजे आधीच फाटलेलं आवरण आणखी विरतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत वाईट वाटते. पेशीचं वीजघर असलेली मायटोकाँड्रिया हे जादा कॅल्शियम स्वतःत ओढून घेतात, पेशीला वाचवायलाच ओढतात, आणि प्रमाणाबाहेर भरली की स्वतः बंद पडतात. वीज गेली म्हणजे पंप बंद. पंप बंद म्हणजे कॅल्शियम आतच. स्नायू सुटत नाही, आवळलेलाच राहतो, उरलंसुरलं इंधनही जाळतो. लाकडासारखी मांडी म्हणतात ती हीच.

अशा मरणपंथाला लागलेल्या स्नायूत कॅल्शियम फॉस्फरसबरोबर साचतं. ते येतं रक्तातून, म्हणून रक्तातला आकडा खाली जातो. अहवालातला 7.4 खरा होता. त्याचा 'अंगात कॅल्शियमचा तुटवडा' हा अर्थ खोटा होता. माणसाच्या अंगात किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं नव्याण्णव टक्के हाडांत. बाहेरून शिरेत दिलेलं कॅल्शियमही बऱ्याच अंशी त्याच मांडीत जाऊन बसणार, आणि पुढं स्नायू बरा व्हायला लागला की सगळं एकदम रक्तात परतणार.

"मांडी दुखते ती लॅक्टिक ॲसिडनं," असं पोराच्या मित्रानं मध्येच सांगितलं. त्याच्या प्रशिक्षकानं सांगितलं होतं. मी त्याला विचारलं, चढताना जास्त दम लागतो की उतरताना? चढताना. मग ॲसिड कधी जास्त बनेल? चढताना. आणि दुखल्या कोणत्या दिवशी? उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी. व्यायाम थांबला की ते ॲसिड तास-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायू फाटल्याचं असतं, हे थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच मांडलं होतं. सव्वाशे वर्षं होत आली तरी आमच्या मैदानांवर ॲसिडच चालू आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं कॅल्शियमनंच सुरू होतं असं नाही. पहिली ठिणगी ओढीची, म्हणजे यांत्रिक, हे बऱ्यापैकी मान्य आहे. उंदरांच्या स्नायूंत ताणामुळे उघडणाऱ्या वाटा औषधानं बंद केल्या तर नंतरचं नुकसान कमी होतं, म्हणून कॅल्शियमचा शिरकाव हा दुवा पक्का धरला जातो. पण उंदरांमध्येच असंही दिसलं की पहिल्या काही दिवसांतल्या अशक्तपणाचा मोठा भाग उलट्या कारणानं येतो: इशारा पोचतो, कोठीत साठा असतो, तरी हुकुमावर कॅल्शियम पुरेसं सुटत नाही. एकाच पेशीत जिथं नको तिथं गळती आणि जिथं हवं तिथं टंचाई. गोळी गिळून या दोन्हींपैकी काहीही दुरुस्त होत नाही.

आणि थोडी गळती तर हवीच असते. 2015 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी साध्या, अधूनमधून व्यायाम करणाऱ्या लोकांना सायकलवर तीस-तीस सेकंद जीव खाऊन सहा वेळा पळवलं आणि दुसऱ्या दिवशी मांडीचा बारीक तुकडा तपासला. कॅल्शियमच्या कोठीची दारं तुटलेली, गळकी झालेली दिसली. कसलेल्या खेळाडूंमध्ये ती तशी तुटली नव्हती. ही हलकी गळतीच पेशीला जादा वीजघरं उभारायचा निरोप देते, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ज्या कॅल्शियमनं स्नायू कसतो त्यानंच तो मरतो, आणि मधला फरक मात्रेचा. सहा आठवडे बागेत संत्री तोडलेल्या पोराला बारा किलोमीटरची उतरण आणि दुसऱ्याच दिवशी दोनशे बैठका, ही मात्रा त्याची नव्हती.

पहिले तीन दिवस

उपचाराला चकाकी काही नाही. भरपूर सलाईन, लवकर. पहिल्या दोन तासांत तासाला एक लिटर, मग लघवी पाहून. लक्ष्य तासाला दोनशे ते तीनशे मिलिलिटर लघवी. खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं आईच्या हाती दिलं. तिनं रात्रभर दर तासाला भांडं खिडकीतल्या दिव्याशी धरून रेघ वाचली आणि वहीत लिहिली. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण माझ्याकडच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ती वही नेटकी होती. दुखण्याची इंजेक्शनं बंद केली. पाणी कमी पडलेल्या आणि मायोग्लोबिननं भरलेल्या मूत्रपिंडाला ती औषधं आणखी मारतात. मंगळवारचं ते इंजेक्शन मला कॅल्शियमपेक्षा जास्त सलतं.

ठेवून घ्यावं की पाठवावं, याचा निर्णय सोपा नव्हता. अमरावती पन्नासेक किलोमीटर. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. ईसीजी साफ होता. ठरलं असं की सहा तासांत लघवी वाढली नाही, पोटॅशियम सहाकडे सरकलं किंवा ईसीजी बदलला तर थेट गाडीत घालायचं. गाडी दारात उभी ठेवली. चौथ्या तासाला वहीत 180 लागले, पाचव्याला 240.

दुसऱ्या दिवशी कॅल्शियम 6.9 झालं. आता मामाही आला होता. "साहेब, सलाईनमधूनच द्या नं थोडं, कायले रिस्क?" मी पोराच्या कानापुढं बोटानं टिचकी मारून दाखवली. ओठ उडाला नाही. बोटांना मुंग्या नाहीत, हात वाकडा होत नाही, ईसीजीमध्ये लाटांमधलं अंतर लांबलेलं नाही. ही चिन्हं दिसली तरच द्यायचं. आणि एक कारण असं आहे की ज्यासाठी क्षणाचाही विचार न करता द्यायचं: पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडायला लागली तर. त्या वेळी कॅल्शियम हृदयाचं कवच असतं. म्हणून दहा मिलिलिटर कॅल्शियम ग्लुकोनेटची काचेची कुपी तिन्ही रात्री त्याच्या उशाजवळच्या ट्रेमध्ये होती. मामाला ती दिसत होती, आणि साहेब जवळ असून देत नाहीत, याचा त्याला राग येत होता. तो राग मी समजू शकतो. आपल्याकडे सलाईनच्या बाटलीत पिवळं काहीतरी मिसळलं की उपचार झाला असं वाटतं.

क्रिएटिनिन 2.2 पर्यंत चढून चौथ्या दिवशी उतरायला लागलं. सीके दुसऱ्या दिवशी 46,000, मग पहिले काही दिवस रोज जवळपास चाळीस टक्क्यांनी खाली. लघवी तिसऱ्या दिवशी फिकी, पाचव्या दिवशी पाण्यासारखी. नवव्या दिवशी कॅल्शियम 10.8. आत बसलेलं परत येत होतं. बापानं तो आकडा स्वतः वाचला आणि म्हणाला, "आता जास्त झालं. तेव्हा देल्लं असतं तर?" तर आणखी जास्त झालं असतं, भाऊ.

बाकीचे चौघं

पहिल्याच संध्याकाळी मी घाटातल्या उरलेल्या चौघांना बोलावून घेतलं. दोघं निवांत होते, ते महिनाभर सरावात होते. तिसऱ्याच्या मांड्या दुखत होत्या, बाकी काही नाही. चौथ्याची लघवी साधी पिवळी होती, तरी सीके निघालं 9,700. तो त्याच रात्री पुन्हा धावायला जाणार होता. क्रिएटिनिन ठीक असल्यानं त्याला घरीच ठेवून पाणी, विश्रांती आणि रोजची तपासणी यावर भागलं. लघवी काळी होण्याची वाट पाहत बसलो असतो तर तो सुटला असता, किंवा मग सुटलाच नसता.

पाचही जणांची सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तदोषाची, चाचणी केली. विदर्भात हे विसरता कामा नये. सिकलसेलचा वाहक, ज्याला आपण एएस म्हणतो, तो एरवी ठणठणीत असतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे 48,000 कृष्णवर्णीय सैनिकांच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांना कष्टानं स्नायू फुटण्याचा धोका इतरांपेक्षा 54 टक्के जास्त आढळला. मृत्यूचा धोका वाढलेला नव्हता, म्हणजे भरतीची वाट त्यांना बंद नाही. पाणी, सावली आणि हळूहळू वाढवणं मात्र त्यांना दुप्पट पाळावं लागतं. आमचा पोरगा वाहक नव्हता. गोळा फेकणारा एक मित्र निघाला, त्याला आजवर माहीतच नव्हतं.

परत मैदानावर

सीके हजाराच्या खाली यायला जवळपास अडीच आठवडे लागले. मग सपाट सडकेवर चालणं, दोन आठवड्यांनी हलकं धावणं. उतरण सगळ्यांत शेवटी, आणि तीही औषधासारखी. स्नायूला उतरणीचा थोडा डोस दिला की पुढचे कित्येक आठवडे तीच उतरण त्याला कमी इजा करते. हा परिणाम अनेकदा तपासला गेला आहे. पहिल्या वेळी दोनशे मीटर, चालत. पाच-सहा दिवस थांबून चारशे. अमरावती जिल्ह्याला आखाड्यांची परंपरा आहे, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर 1914 पासून उभं आहे. जुने उस्ताद नव्या पोराला बैठका मोजून द्यायचे आणि आठवड्याला थोड्याच वाढवायचे. त्यांना कॅल्पेन माहीत नव्हतं. सहा आठवड्यांच्या खाड्यानंतर आलेला पोरगा नवा धरायचा, हे माहीत होतं. मैदानावर शिक्षा म्हणून बेडूक उड्या देणाऱ्या मोठ्या पोरांना मी घरी चहाला बोलावून हेच सांगितलं, आणि ती दोन नळ्यांची गोष्टही. त्यांनी मन लावून ऐकलं. वाईट पोरं नाहीत ती. त्यांनाही कोणी तसंच शिकवलं होतं.

त्या हंगामाच्या चाचणीला तो उतरला नाही. ते त्याला फार लागलं, आणि त्याच्यापेक्षा आईला.

एक धागा मी उघडाच ठेवला आहे. सहा आठवड्यांचा खाडा पडलेला दुसराही एक होता, त्याला 9,700 आणि याला 46,000 कसे? ऊन, दुसऱ्या दिवशीच्या बैठका, दुखण्याचं इंजेक्शन, एवढ्यानं कदाचित पुरतं. पण काही घराण्यांत कॅल्शियमच्या कोठीचं दारच जन्मतः सैल असतं. अशा माणसाला कष्टानं स्नायू फुटू शकतात, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीच्या काही वायूंनी तेच दार सताड उघडून अंग भट्टीसारखं तापू शकतं. त्यावर डँट्रोलिन हे औषध आहे, पण ते हाताशी असायला आधी धोका माहीत असावा लागतो. मी घरी विचारलं. भुलीत कोणी दगावलं का, कोणाची लघवी कधी काळी झाली का. आजोबांचं काही आठवेना. जनुकीय तपासणीचा खर्च सांगितला तेव्हा बापानं यंदाच्या संत्र्याचा भाव सांगितला.

म्हणून त्याच्या कार्डावर लाल शाईनं लिहून दिलं: भूल देण्याआधी डॉक्टरांना हे कार्ड दाखवणे. पोरानं ते दोनदा वाचलं.

"कधीपर्यंत ठेवू, सर?"

"जवळच ठेव. पाकिटात. आणि लहान भावालाही याची झेरॉक्स दे."